नंबर लागणे

मराठीत 'नंबर लागणे' हा एक मोठा सोयीचा वाक्प्रचार आहे. त्यातला 'नंबर' इंग्रजांकडून आला आणि 'लागणे' घरचेच. पण दोघांचा संसार असा जमला आहे की मूळची सोयरिक कुठली, हे आता कुणी विचारीत नाही. रेशनच्या दुकानापुढे तासभर तिष्ठत उभे राहिले की नंबर लागतो. दवाखान्यात जुनी मासिके दोनदा चाळून झाली की नंबर लागतो. मुलीचा इंजिनियरिंगला नंबर लागतो, आणि घरांच्या सोडतीत एखाद्या भाग्यवंताचाही नंबर लागतो. समवयस्क मित्राला पोचवून परतताना दोन वृद्ध गृहस्थ बागेतल्या बाकावर टेकतात, आणि एक दुसऱ्याला म्हणतो, "चला, आता आपला नंबर!"

यांतला एक नंबर रांगेचा, एक गुणांचा, एक नशिबाचा आणि शेवटचा कोणाच्याच हातचा नाही. रांगेतला नंबर हा माझा हक्क असतो. मी उभी राहिले म्हणून तो लागला. सोडतीतला नंबर ही कृपा असते. मी काही केले नाही, तरी तो लागला. आपल्या भाषेने मात्र या साऱ्यांना एकाच क्रियापदाच्या दोऱ्यात ओवले आहे. तिचे तरी काय चुकले? हक्क कुठे संपतो आणि नशीब कुठे सुरू होते, हे आपल्याला कुठे नेमके ठाऊक असते!

वीस वर्षे मराठी शिकवीत असल्यामुळे अशा शब्दांशी चाळा करण्याची मला खोड आहे. पण या एका वाक्प्रचाराचा एवढा विचार मला करायला लावला तो एका अमेरिकन गृहस्थांनी. त्यांना मराठीचे एक अक्षर येत नाही. आणि निमित्त होते शिकारीच्या परवान्याचे!

माझी धाकटी बहीण कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स या गावी असते. २०२४ च्या मे महिन्यात कॉलेजला सुटी लागताच मी तिच्याकडे गेले. तिच्या शेजारी चौऱ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ राहतात. जन्मभर त्यांनी शाळेची बस चालवली; आता निवृत्त आहेत. बहिणीची मुले त्यांना 'आजोबा' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ कळल्यापासून ते मोठ्या खुशीने त्या हाकेला ओ देतात. तेव्हा मीही त्यांना आजोबाच म्हणेन. महिनाअखेरीस मी पाहिले, तर आजोबा सकाळ-संध्याकाळ ओसरीवर मोबाईल हातात धरून बसलेले. दहावीच्या निकालाच्या दिवशी आपल्याकडे घरोघरी जो चेहरा दिसतो, तोच चेहरा.

"कुणाचा निकाल आहे गं त्यांच्या घरी?" मी बहिणीला विचारले.

"त्यांचाच," ती म्हणाली. "ताई, त्यांनी एल्कच्या शिकारीसाठी नंबर लावलाय. चोवीस वर्षं झाली."

चोवीस वर्षे म्हणजे दोन तपे. एवढ्या तपश्चर्येत आपल्याकडे देव प्रसन्न होऊन वर देऊन परत गेला असता.

शिकार म्हटली की माझ्यासारखीच्या मनात आधी पुराणातले राजे उभे राहतात. दशरथ शिकारीला गेला आणि श्रावणबाळाचा बळी घेऊन आला. पांडू शिकारीला गेला आणि शाप घेऊन आला. दुष्यंत हरणाच्या मागे धावला आणि त्यापायी शकुंतलेच्या नशिबी काय काय आले, ते आपण जाणतोच. राजाने धनुष्य उचलले की समजावे, आता कथेत अरिष्ट येणार. आपल्या देशात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि परवाना काढून हौसेने वाघ-सांबर मारण्याचे दिवस हळूहळू इतिहासजमा झाले. त्यांची आठवण काढून हळहळावे असे मला कधी वाटले नाही, आजही वाटत नाही. आजोबांनाही मी हे सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "माझ्या बायकोचंही हेच म्हणणं होतं. चाळीस वर्षं ती मला दारापर्यंत पोचवायला आली आणि चाळीस वर्षं तिने एल्कच्या बाजूने प्रार्थना केली. बहुतेक वेळा देवाने तिचंच ऐकलं."

पण मारावे की मारू नये, हा वाद बाजूला ठेवला तरी त्याच्या पलीकडे एक प्रश्न उरतो, आणि तो मला सोडीना. वस्तू थोडी आणि मागणारे फार, अशा वेळी ती वाटायची कशी? हा प्रश्न काही शिकाऱ्यांचाच नाही. तो तुमच्या माझ्या घरातला आहे.

आधी हे टॅग-प्रकरण काय आहे ते सांगते. एल्क हे आपल्या सांबराच्या कुळातले, काश्मीरच्या हंगुलाचे जवळचे नातलग असे भले थोरले जनावर. मोठा नर तीनशे किलोंच्या वर भरतो. अमेरिकेत सर्वांत अधिक एल्क कोलोरॅडोत आहेत; पावणेतीन-तीन लाखांच्या घरात. राज्याचे वन्यप्राणी खाते दर वर्षी प्रत्येक कळपाचा अंदाज घेते. कोणत्या विभागात किती नर आणि किती माद्या मारल्या तर कळपाला धक्का लागणार नाही, ते ठरवते आणि तेवढ्याच चिठ्ठ्या काढते. या चिठ्ठीला टॅग म्हणतात, कारण मारलेल्या जनावराला ती बांधावी लागते. चिठ्ठी नाही तर शिकार नाही. प्रत्येक चिठ्ठीला एक संकेतांक असतो. 'ई' म्हणजे एल्क, 'एम' म्हणजे नर, पुढे विभागाचा आकडा, मग हंगाम, आणि शेवटी 'आर' म्हणजे रायफल. आजोबा तो सगळा संकेतांक एका दमात म्हणून दाखवतात, आपण विष्णुसहस्रनामातला श्लोक म्हणावा तसा.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत अर्ज करायचा आणि मे-जूनमध्ये निकाल पाहायचा. पहिल्या पसंतीची चिठ्ठी मिळाली नाही, तर त्या वर्षाचा एक गुण तुमच्या नावावर जमा होतो. पुढल्या वर्षी ज्याचे गुण अधिक, त्याला आधी मिळते. मिळाली की सगळे गुण शून्य. पुन्हा पाटी कोरी. परीक्षेत नापास झाल्याबद्दल गुण मिळतात असे हे जगातले एकच विद्यापीठ असावे!

हे सगळे एवढे काटेकोर का, याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात त्या देशात बंदुकीला ताळतंत्र नव्हते. कोटींनी मोजावेत एवढे रानरेडे होते, ते शतक संपता संपता हजाराच्या आत आले. मांस आणि कातडी बाजारात विकण्यासाठी हरणे, एल्क यांचीही तीच गत झाली. खुद्द कोलोरॅडोत एल्क इतके रोडावले की १९१३-१४ साली यलोस्टोनच्या भागातून आणून ते एस्टेस पार्कच्या परिसरात सोडावे लागले. १९०० सालच्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या जनावरांची राज्याराज्यांतली ने-आण बंद केली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसे यांवरचा ११ टक्के कर वन्यप्राण्यांच्या कामी लावला. शिवाय परवान्याचे पैसे राज्याने भलतीकडे खर्च करायचे नाहीत, अशी अट घातली. आज त्या डोंगरांत एल्कची शिंगे दिसतात ती या वह्या-पावत्यांमुळे. मोठी विलक्षण गोष्ट आहे, पण खरी आहे.

याच्या मुळाशी एक तत्त्व आहे, आणि ते मला मनापासून आवडले. युरोपात हरिण राजाचे असे. रानात शिरलेल्या गरिबाला त्यापायी जबर शिक्षा होई. अमेरिकेत जनावर राजाचे नाही, ज्याच्या शेतात ते चरते त्याचेही नाही. ते सगळ्या जनतेचे, आणि राज्य त्याचे विश्वस्त. म्हणजे बसचालकाचा एल्कवर जेवढा हक्क, तेवढाच लक्षाधीशाचा. दशरथाला जे राज्याभिषेकाने मिळाले, ते आजोबांना अर्ज भरून मिळते. फक्त रांग आहे.

हक्क सर्वांचा म्हटला आणि वस्तू थोडी निघाली, की वाटायचे मार्ग तीनच उरतात: रांग, सोडत आणि लिलाव. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांनी या तिन्हींच्या इतक्या तऱ्हा काढल्या आहेत की आपल्या गृहिणींच्या लोणच्यांच्या तऱ्हाही थोड्या वाटाव्यात. कोलोरॅडोची मुख्य वाट रांगेची. न्यू मेक्सिकोत गुणांची भानगडच नाही, सरळ सोडत. त्यातही ८४ टक्के वाटा राज्यातल्या रहिवाशांचा, १० टक्के धंदेवाईक वाटाड्यांबरोबर जाणाऱ्यांचा आणि ६ टक्के बाहेरच्यांचा. नेवाडात सोडतच, पण गुणांचा वर्ग करून तुमच्या चिठ्ठ्या वाढवतात. दहा गुणांचे बळ शंभर, तर वीस गुणांचे चारशे. गणिताचा असा उपयोग शाळेत कोणी सांगितला असता, तर मीही त्यात रमले असते.

उरला लिलाव. बहुतेक राज्ये मोजक्या चिठ्ठ्या लिलावाला काढतात आणि तो पैसा प्राण्यांसाठी वापरतात. २०१३ साली माँटाना राज्यात रानमेंढ्याची एक चिठ्ठी ४ लाख ८० हजार डॉलरना गेली. एका मेंढ्याच्या चिठ्ठीला एवढे पैसे! त्या पैशाने मेंढ्यांचे भलेच झाले असेल. पण आजोबांना मी हा आकडा विचारला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "त्या माणसाला वाट पाहावी लागली नाही. बिचाऱ्याला त्यातली गंमत कळलीच नसेल."

बाहेरचा आणि घरचा हा भेदही तेथे चांगला मुरलेला आहे. माँटानात एल्कच्या परवान्याला घरच्यांकडून ९ डॉलर आणि बाहेरच्यांना घ्याव्याच लागणाऱ्या जोडपरवान्याचे २२५ डॉलर घेत, म्हणून बाहेरचे शिकारी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७८ साली न्यायालयाने सांगितले की हौसेखातर एल्क मारणे हा काही नागरिकाचा मूलभूत हक्क नव्हे. राज्य असा भेद करू शकते. अलीकडे तर दारे आणखी किलकिली होत चालली आहेत. वायोमिंगने २०२३ पासून रानमेंढा, मूस अशा दुर्मीळ जनावरांच्या चिठ्ठ्यांत घरच्यांचा वाटा ९० टक्क्यांवर नेला. कोलोरॅडोच्या पश्चिम भागात बाहेरच्या धनुर्धाऱ्यांना एल्कची चिठ्ठी दुकानात सहज विकत मिळे. २०२५ पासून तीही सोडतीत गेली. आयडाहोत बाहेरच्यांसाठी डिसेंबरच्या पहिल्या तारखेला विक्री उघडे, आणि हजारो माणसे आपापल्या घरी संगणकापुढे बसून एका अदृश्य रांगेत ताटकळत. २०२६ च्या हंगामापासून तेथेही सोडत आली. एकेकाळी जे 'या आणि घ्या' होते, ते पाहता पाहता 'नंबर लावा' झाले आहे.

हे ऐकताना मला माझ्या वडिलांच्या टेलिफोनची आठवण झाली. माझ्या लहानपणी त्यांनी टेलिफोनसाठी नंबर लावला होता. त्या नोंदणीची पावती देवघरातल्या फडताळात, पंचांगाच्या खाली असे. आठ वर्षे आम्ही त्या पावतीकडे श्रद्धेने पाहिले. शेजारच्यांचा फोन आला की आमच्याकडे पेढे येत, आणि आई म्हणे, "आता आपलाही लागेल." शेवटी लागला. आज माझ्या घरात चार माणसे आणि पाच फोन आहेत. ती पावती सांगितली तर माझ्या मुलाला गोष्ट वाटते. स्कूटरची रांग गेली, गॅसची गेली. आपल्या मध्यमवर्गाने अर्धे आयुष्य रांगेत काढले खरे, पण त्या रांगांचे एक बरे होते. माल वाढला आणि रांग संपली.

एल्कची रांग तशी संपणार नाही. एल्क कारखान्यात होत नाही. डोंगर तेवढाच, गवत तेवढेच. माणसे मात्र वाढतात. समजा, एका विभागात वर्षाला दहा चिठ्ठ्या आहेत आणि रांगेत शंभर माणसे आहेत. शेवटच्या माणसाचा नंबर दहा वर्षांत लागायला हवा. पण दर वर्षी दहा जण बाहेर पडत असताना तीस नवे मागे येऊन उभे राहिले, तर दहा वर्षांनी रांग तीनशेंची होते आणि त्या वेळच्या शेवटच्या माणसापुढे तीस वर्षे पसरलेली असतात. तिकडचे लोक म्हणतात, गुण सरपटत वर चढतात.

यावर कोणी विचारील, नवे लोक मागे उभे राहिले तर पुढच्याचे काय बिघडले? मीही हे विचारले. आजोबांनी समजावून सांगितले. गुण विभागाचे नसतात, जनावराचे असतात. एल्कसाठी साठवलेले गुण राज्यात कुठेही चालतात. तेव्हा ज्याने पंचवीस वर्षे नुसतेच गुण साठवले, तो एके दिवशी उठून तुमच्या विभागात अर्ज करतो आणि कायदेशीरपणे तुमच्या पुढे उभा राहतो. आजोबांनी २००० साली पहिला अर्ज केला तेव्हा हिशेब केला होता की बारा वर्षांत काम होईल. त्यांचा विभाग राज्याच्या वायव्य कोपऱ्यातला. तेथील नर एल्कच्या मोठ्या शिंगांची कीर्ती अशी की वीसहून अधिक गुण असल्याशिवाय कोणी दाद लागू देत नाही. बारा वर्षे झाली तेव्हा रांग पुढे सरकली होती. वीस झाली तेव्हा आणखी पुढे. मग २०२२-२३ चा हिवाळा त्या भागात फार भयंकर गेला. बर्फाखाली गवत दडले, हरणे आणि एल्क मोठ्या संख्येने मेले. २०२३ साली खात्याने त्या भागातल्या चिठ्ठ्या एकदम कमी केल्या. योग्यच केले. पण आजोबांचा नंबर तेव्हा दारापर्यंत आला होता.

त्यांचा एक गुडघा बदललेला आहे. दुसरा तक्रार करतो. ते ज्या डोंगराबद्दल बोलतात, तो चढायला धडधाकट माणसालाही पहाटे चारला निघावे लागते. गुण वाढत होते आणि गुडघे उतरत होते, आणि दोन्ही रेषा कुठेतरी एकमेकींना छेदणार, हे त्या माणसाला कळत होते. गुण कोणाला देता येत नाहीत. मृत्युपत्रात लिहिता येत नाहीत. माणसाबरोबर ते जातात. कर्माच्या संचिताबद्दल आपले शास्त्रकार जे सांगतात, ते कोलोरॅडोच्या नियमपुस्तकात छापलेले पाहून मला मोठा अचंबा वाटला. फरक एवढाच की येथे पुढचा जन्म नाही.

त्याच सुमारास राज्यात वाटपाची रीत बदलण्याचा विचार चालू होता आणि लोकांची मते मागवली जात होती. पुढे ते ठरलेही: २०२८ पासून निम्म्या चिठ्ठ्या गुणांच्या रांगेने आणि निम्म्या सोडतीने, सोडतीत ज्याचे गुण अधिक त्याला संधी अधिक. म्हणजे रांगेतली निम्मी वाट बंद आणि कालच्या पोराला थोडीशी उघडी.

एका संध्याकाळी आजोबांनी मला दोन पत्रे दाखवली. दोन्ही त्यांनीच आयोगाला लिहिलेली. पहिल्यात म्हटले होते: 'जो थांबेल त्याला मिळेल, असे तुम्ही सांगितले. त्यावर विश्वास ठेवून मी दोन तपांहून' (हा शब्द माझा!) 'अधिक काळ थांबलो. खेळ अर्धा झाल्यावर नियम बदलू नयेत. मी तुमच्याकडे एल्क मागत नाही. दिलेला शब्द मागतो.' दुसऱ्यात म्हटले होते: 'माझी नात बारा वर्षांची आहे. आजच्या नियमाने तिने आज रांग धरली, तर माझ्या जागी पोचेपर्यंत ती स्वतः आजी होईल. जे दार कधीच उघडणार नाही त्यापुढे मुलांना उभे करणे म्हणजे त्यांना फसवणे होय. सोडत करा.'

"यांतलं कुठलं पाठवलंत?" मी विचारले.

"एकही नाही," ते म्हणाले. "दोन्ही खरी आहेत. आणि दोघं एकाच टेबलाशी जेवायला बसतात."

मी पत्रे परत दिली. त्यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. वर्गात मी अनेक युक्तिवाद तपासते. पहिल्यातला दोष दाखवला की दुसरा खरा ठरतो, अशी आपली समजूत असते. येथे दोन्हीत दोष नव्हता. रांग ही थांबलेल्याशी इमान राखते आणि नव्याला हाकलते. सोडत नव्याला आत घेते आणि थांबलेल्याचा शब्द मोडते. निम्मे-निम्मे केले, तर दोघांवर निम्मा-निम्मा अन्याय होतो. घरात वडीलधाऱ्यांचा मान आणि मुलांचा हट्ट यांत रोज जी ओढाताण होते, तीच ही. फक्त तिला राज्याचा शिक्का आहे.

निकाल लागला तेव्हा मी तेथेच होते. आजोबांना चिठ्ठी मिळाली नाही. पंचविसावा गुण जमा झाला. त्यांच्या नातीला, जिने सुरक्षित शिकारीचा अभ्यासक्रम पुरा करून पहिल्यांदाच अर्ज केला होता, तिला मादी एल्कची चिठ्ठी मिळाली. मुलांना माद्यांच्या चिठ्ठ्यांत थोडे प्राधान्य असते. पोरगी अंगणभर नाचली. आजोबा तिच्याकडे पाहत होते आणि मी त्यांच्याकडे. त्या चेहऱ्यावर काय होते, ते एका शब्दात सांगायला मला जमणार नाही. पण आपल्या मुलाचा ज्या वर्षी नंबर लागला त्याच वर्षी स्वतः निवृत्त झालेल्या एका शिक्षकाच्या तोंडावर मी तसेच काहीसे पाहिले आहे.

सोळा वर्षांखालच्या मुलांबरोबर मोठे माणूस असावेच लागते. त्या ऑक्टोबरात आजोबा तिच्याबरोबर गेले. स्वतःची बंदूक न घेता. बहिणीने फोनवर सांगितले की चौघांचे जाकीट नियमाप्रमाणे झगझगीत नारिंगी होते आणि नातीचे झगझगीत गुलाबी. २०१६ पासून तो रंगही चालतो. चार दिवस ती मंडळी हिंडली. तिसऱ्या दिवशी माद्यांचा कळप दिसला, पण फार लांब.

"तिने नेम धरला होता, ताई. आजोबांनीच सांगितलं, नको. इतक्या लांबून जखमी होऊन पळेल आणि रात्रभर तडफडेल."

"मग?"

"मग काय! रिकाम्या हातांनी परत आली सगळी. चिठ्ठी म्हणजे काही एल्क नव्हे. आजोबांचा गुडघा हा एवढा सुजलाय."

यानंतरची गोष्ट २०२५ च्या एप्रिलातली आहे. तिकडे एकत्र जायचे असेल तर गटाने अर्ज करता येतो. मात्र गटात ज्याचे गुण सर्वांत कमी, तेच साऱ्या गटाचे धरतात. आजोबांनी नातीबरोबर गटाचा अर्ज केला. वायव्य कोपऱ्यातला तो कीर्तिवंत विभाग नव्हे. घराजवळच्या डोंगरातला, साधा, ज्याला फारसे कोणी विचारीत नाही असा. नातीचे गुण शून्य, म्हणून आजोबांचे पंचवीसही त्या अर्जापुरते शून्य. आणि चिठ्ठी मिळाली तर ते खरोखरच शून्य होणार. बहिणीच्या यजमानांनी त्यांना पुन्हा पुन्हा विचारले, "नीट वाचलंत ना? सगळे जातील." आजोबा म्हणाले, नियम त्यांना पाठ आहेत.

जूनच्या सुरुवातीला बहिणीचा फोन आला. "ताई, नंबर लागला गं दोघांचा!"

पुढे त्यांना एल्क मिळाला की नाही, हे मी तिला विचारले नाही. पण पंचवीस वर्षे जपलेले गुण एका दिवसात शून्य झाले, त्या दिवशी आजोबांनी काय केले, ते मात्र विचारले. बहीण म्हणाली, ते ओसरीवर बसून नातीचे जुने बूट तेल लावून मऊ करीत होते. तिचा पाय वर्षात एका मापाने वाढला होता, म्हणून मग दोघे नवे आणायला बाजारात गेली.

सोडत असो वा रांग, कोणी कोणाला किती द्यायचे हे शेवटी सरकार ठरवील; ठरवायलाच हवे. पण आपल्या वाट्याला आलेल्या नंबराचे काय करायचे, एवढे थोडे माणसाच्या हाती उरते. मराठीत नंबर लागतो, तसाच जीवही लागतो. क्रियापद तेच आहे.